वाकडा ळ

फॉर्मचा शेवटचा रकाना उरला होता:
तुम्ही कोण, तीन शब्दांत लिहा.
चिपळूणच्या दोन दिवसांच्या शिबिरात
टाय लावलेला माणूस म्हणाला होता,
स्वतःचा ब्रँड उभा करा, नाहीतर जग पुसून टाकेल.
मी लिहिलं कष्टाळू. खोडलं.
लिहिलं सर्जनशील,
ते शेजारच्या मुलाच्याही कागदावर होतं.
फॉर्मची घडी पर्समध्ये कोंबून
मी पाजपंढरीला घरी आले.

बाबा बंदरात, एका नौकेच्या नाळीपाशी,
फळीवर उकिडवे,
एक ब्रश दातांत, एक बोटांत,
लिहीत होते कुणाचं तरी नाव.
चाळीस वर्षं दुसऱ्यांचीच नावं.
हर्णैपासून दाभोळपर्यंत किती नौका फिरतात त्यांच्या अक्षरात,
पण कोपऱ्यात कुठेही 'विश्राम पेंटर' नाही.
म्हटलं, निदान फोन नंबर तरी टाका.
म्हणाले, नाव ज्याचं त्याचं.
त्यात मी कशाला बसू?

त्यांचा ळ तेवढा वाकडा.
डावं पोट मोठं, उजवं बारीक,
जेवून उठलेल्या माणसानं भिंतीला टेकावं तसा.
फ्लेक्सवाल्या पोरानं एकदा मोबाइलवर सरळ करून दाखवला.
बाबांनी नीट बघितला. 'छान आहे,' म्हणाले,
आणि पुन्हा आपला काढला.
हट्ट नव्हता.
मनगटच तसं वळतं.

त्या रात्री वारा फिरला.
सकाळी तीन नौका यायच्या राहिल्या होत्या
आणि आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी एक फळी लागली.
बाकी अक्षरं धुऊन गेलेली,
'का' असावा असा एक डाग, शेजारी ळ.
लोकांनी सरळ बाबांना बोलावलं.
न आलेल्यांत एक काळेश्वरी, एक काळभैरव.
दोन्ही घरच्या बायका वाळूत उभ्या,
एकमेकींकडे न बघता.

बाबा गुडघ्यावर बसले.
अंगठ्याच्या नखानं निळा रंग खरवडला,
खाली पांढरा, त्याच्याखाली शेंदरी.
बराच वेळ बोलेनात.
'सांगा हो पेंटर, काहीतरी सांगा.'
'काहीतरी नाही सांगणार.
गोड्या पाण्यानं धुऊन आणा.'
आणली.
मग ळच्या उजव्या पोटावर बोट ठेवलं:
'इथं हात थरथरलाय.
कोमलची आई दवाखान्यात होती, त्या आठवड्यातला हा.
काळेश्वरीचाच. पण आत्ताचा नाही.
ही फळी शिमग्याआधी बदलली,
जुनी धक्क्यामागं पडून होती, भरतीनं नेली असणार.
नव्या फळीवर माझा हात असा नाही.'

यमुबाई तिथंच बसली, ओल्या वाळूत.
दुसरा पुरावा तिनं मागितला नाही.
काळभैरवची सून मात्र उभीच राहिली,
तिला अजून काहीच मिळालं नव्हतं.

दुपारी दोन नौका आल्या.
तिसरी दिवेलागणीला,
इंजिन बंद, दुसरीच्या दोराला बांधलेली.
सून तोपर्यंत उभी होती.

'आणि चूक झाली असती तर?' मी रात्री विचारलं.
'माझी चूक मी ओळखतो,'
बाबा भाकरीचा तुकडा सारात बुडवत म्हणाले,
'बरोबर आलेली अक्षरंच ओळखता येत नाहीत.
ती कुणाचीही असतात.'

माझ्या नावात ळ नाही,
याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.
तसं बोलून दाखवल्यावर ते हसले,
उठून हात धुतले, तरी बोटांना टर्पेंटाइनचा वास.
'तुझं नाव मी कधी लिहिलंच नाही गं कुठं.
शाळेत बाईंनी लिहिलं. नंतर तूच.
तुझा क कसा येतो?
काढ बघू.'

मी फॉर्म उलटा केला.